मोकळी जागा

माझ्याकडे एकही कॉम्प्युटर नाही.
मी स्टॅबिलायझर आणतो.
आखाजीनंतरच्या पहिल्या रविवारी, आर्वी रोडवर
बंद पडलेल्या जिनिंगच्या वजनकाट्याच्या खोलीत
आम्ही जमतो. आठ जण, कधी अकरा,
एकदा तर तिघंच होतो, आणि त्यातला एक
पंखा दुरुस्त करायला आलेला.

हनीफभाई हिंगणघाटहून एसटीनं येतात,
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं स्पेक्ट्रम.
कंडक्टर विचारतो, तान्हं आहे का बाप्पा?
ते म्हणतात, हाव, चाळिशी उलटली त्याची.

रोशन लांजेवार सगळ्यात लहान, नागपूरला बँकेत.
त्याच्या जन्माआधीचं बीबीसी मायक्रो
त्यानं भंगारात किलोवर घेतलं.
झाकण उघडलं तर कळांच्या खाली कापसाचा पुंजका,
कुठल्या हंगामाचा, कोण सांगणार.
चिमट्यानं काढून त्यानं तो खिशात ठेवला.

बेबीताई ढोक रिटायर्ड मास्तरीण.
बिस्किटांच्या डब्यात त्यांच्या कॅसेटी:
एका बाजूला 'नववी ब, भागाकार',
उलट्या बाजूला लग्नातली मंगलाष्टकं.
बाजू चुकू देऊ नका, असं त्या दरवेळी सांगतात
आणि दरवेळी एकदा तरी
सावधान होतंच.

मग कूलर बंद. कूलर चालला की पडदा थरथरतो.
बाहेर पंचेचाळीस, आत त्याहून थोडं जास्त.
आधी लांब शिट्टी, मग करकर,
तापल्या खापरात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी.
आवाज सातवर ठेवा.
सातवर नाही हो, साडेसहा.
सगळे गप्प, मयतीत बसल्यासारखे,
फक्त तोंडावर हसू.
पडदा विचारतो: ब्लॉक?
कॅसेट मागे घ्या. पुन्हा.
तिसऱ्या खेपेला लाईन गेली.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
स्टॅबिलायझर कमीजास्त विजेला सरळ करतो,
नसलेल्या विजेचं तो काय करणार.

आलूबोंड्यांचा पुडा फिरला. कुणीतरी विचारलं,
तुम्ही कसे काय इथं आलात, काका?
तेव्हा सांगितलं.
आठवीत होतो. जिल्हा परिषदेच्या जीपमधून
असलंच एक यंत्र एका दिवसापुरतं आमच्या शाळेत आलं.
चपला बाहेर काढून आम्ही ओळीत उभे.
शाळेचं नाव लिहायचं, इंग्रजीत,
एका पोरानं एक अक्षर.
माझा नंबर आला आणि शब्द संपला.
साहेब म्हणाले, ती लांब पट्टी दाब.
दाबली.
पडद्यावर काही उमटलं नाही.
मागून भाऊराव मेश्राम हसला,
तुयाच्यानं काहीच नाही आलं बे!
घरी मायनं विचारलं, काय लिहिलं?
म्हटलं, काही नाही.

कुणी काही बोललं नाही.
हनीफभाईंनी हातावरचं तेल टॉवेलाला पुसलं,
मग आठवून स्पेक्ट्रमच्या टॉवेलाला पुसल्याबद्दल
स्वतःलाच शिवी दिली.

साडेचारला लाईन आली.
या वेळी आवाज साडेसहावर, आणि कॅसेट
शेवटपर्यंत गेली.
नववी ब मधल्या कुण्या पोरीनं लिहिलेला भागाकार
गणिताआधी नाव विचारतो,
रोमन अक्षरांत मराठी: तुमचं पूर्ण नाव काय?
बेबीताईंनी खुर्ची सरकवली.
बसा. लिहा तुम्ही.

एका बोटानं शोधत शोधत लिहिलं.
सोपान. पाच अक्षरं.
आणि थांबलो.
रोशन म्हणाला, दाबा न काका, लांबवाली.

दाबली.
काही उमटलं नाही.
पण लुकलुकणारी आडवी रेघ
एक घर पुढे सरकली.
तेव्हाही सरकलीच असणार.
मी पडद्याकडे पाहतच नव्हतो,
भाऊरावच्या तोंडाकडे पाहत होतो.

आडनाव मग बेबीताईंनी लिहिलं.
मला काही घाई नव्हती.